दौलतगंजातली वही

दादांच्या वहीत भाव शाईने लिहिलेले,
माझ्या हाती आली तेव्हापासून पेन्सिलीने.
एवढं सांगितलं तरी
पन्नास वर्षांचा बाजार सांगून होतो.

पहिलं पान, अडुसष्ट साल:
फोनो, पितळी कर्णा, स्प्रिंग शाबूत. रुपये साठ.
त्र्याऐंशीत तसाच दुसरा, नऊशेला.
अठ्ठ्याण्णवात दिल्लीचा माणूस टॅक्सी करून आला,
घासाघीस न करता चौदा हजार मोजून गेला.
मग कुठेकुठे कारखान्यांतून
ताजे ताजे जुने फोनो निघायला लागले,
आणि खरा बिचारा आपलं खरेपण सिद्ध करत बसला
पाच हजारांत.

तिकिटांचं पान उघडवत नाही.
पोस्टाच्या खिडकीशी, नवं तिकीट निघायच्या दिवशी,
रांग लावणारी माणसं मला आठवतात:
बँकेतले, मिलमधले, एक हेडमास्तर,
चिमट्याशिवाय तिकिटाला हात न लावणारे.
मुलाच्या शिक्षणाला कामी येईल म्हणायचे.
तीच मुलं आता आल्बम घेऊन येतात,
बंगळूरहून चार दिवसांची रजा काढून,
आणि मी छापील किमतीच्या खाली बोलतो.
सगळ्यांनीच जपलं,
म्हणून कुणालाच नको.

पितळेचं सोपं आहे. पितळ वजनावर.
घंगाळावर कुणाच्या आत्याचं नाव कोरलेलं असतं,
लग्नाची तिथीसुद्धा.
काटा नाव वाचत नाही.

दादा म्हणायचे,
वस्तू महाग होत नसते रे,
तिच्या बहिणी मरतात.

परवा खानवलकर बाई आल्या
शिंद्यांच्या छावणीतून, टेम्पोत बसून,
मांडीवर डबा घट्ट धरून.
डब्यात मऊ धोतराच्या चिंध्या,
चिंध्यांत सहा कप, सहा बशा, किटली,
पांढऱ्यावर निळी वेल, कडेला सोन्याची रेघ.
एकसष्ट साली लग्नात आलेला संच,
एकदाही चहा न पाहिलेला.
"तसं कुणी आलंच नाही," बाई म्हणाल्या.
"म्हणजे, आले खूप. पण तसं कुणी."

मी कडांवरून बोट फिरवलं. एक टवका नाही.
ओठ लागल्याची खूण कुठून असणार?
साडेआठशे, मी म्हटलं.
"एकेक?"
नाही. सगळे मिळून.
मग थोडा वेळ
दुकानातली तिन्ही घड्याळं आपापली वेळ सांगत राहिली.

आणि डबा.
तो कुणी चिंधीत ठेवला नव्हता.
बिस्किटांचा, पत्र्याचा, एका कोपऱ्याला गंज,
झाकणावर सर्कशीतला हत्ती, सायकलवर.
अठरा वर्षं शोधतोय मी त्याला.
गेल्या साली लिलावात एकच आला होता,
बावीस हजारांना गेला,
आणि त्याच्या हत्तीला तर सोंडही अर्धीच होती.

"डबा ठेवायचाय?" मी विचारलं,
आवाज शक्य तितका पितळेच्या काट्यावर ठेवून.
"छे हो, तो लागतो. रव्याला.
त्यात किडे होत नाहीत."

दादांच्या वहीत या क्षणाला रकाना नाही.
गप्प राहावं, महिन्याभराने घरी जावं,
नवा स्टीलचा डबा भेट द्यावा, हेही सुचलं.
सुचलं नाही असं म्हणणार नाही.
मग सांगूनच टाकला आकडा.

बाई आधी बघत राहिल्या.
मग हसल्या, खूप दिवसांनी हसल्यासारख्या, खोकला येईपर्यंत.
"कपांना आठशे आणि या ठोकळ्याला बावीस हजार?
तुझे दादा अशी थट्टा नव्हते करत."
नोटा मोजल्या, पदराला गाठ मारली,
चिंध्या डब्यात भरल्या, त्याही लागतात,
आणि टेम्पोत चढल्या.
सायकलवरचा हत्ती त्यांच्या मांडीवर
बाड्याच्या दिशेने निघून गेला.

कप फळीवर मांडले.
वही उघडली. पेन्सिलीला टोक केलं.
डबा, हत्तीचा, नग एक.
भावाच्या रकान्यात लिहिलं:
रवा.