कप्पीची दोरी

आमच्या भाषेत बापाला 'मामा' म्हणतात
आणि आईला 'देदा'.
लेकराच्या ओठांवर आधी 'म'च येतो,
म्हणून तेकलेची पहिली हाक मला मिळाली.
फुकटची.
खातुना म्हणाली, ही तर शुद्ध लबाडी.
तेव्हा ती इथेच होती, कुताइसीत, याच ओट्याशी.

आता सकाळी सातला
मी बस डेपोतली रात्रपाळी संपवून येतो,
शेजारच्या नार्गिझाबाईंकडून झोपाळलेलं पोर ताब्यात घेतो.
हात दोनदा साबणानं धुतले
तरी ग्रीसचा वास जात नाही.
तेकले माझी बोटं हुंगते, म्हणते, "बस."
हे मी शिकवलं नव्हतं.

लिफ्ट नाण्यावर चालते.
नाणं तिच्या हातात देतो, तिला उचलून फटीशी धरतो.
आडवं. पुन्हा आडवं. मग उभं... गेलं!
खाली म्हातारा वाख्तांग पिशव्या सावरत ताटकळतोय.
"चालू दे," म्हणतो,
"मला कुठे विमान पकडायचंय?"

आमची शाळा फरशीवर भरते.
परातीत लाल घेवड्याचे दाणे,
एक पळी, दोन वाट्या.
या वाटीतून त्या वाटीत, त्या वाटीतून या वाटीत,
बाकीचे कपाटाखाली.
सांडलेला एकेक दाणा ती चिमटीत पकडते,
जीभ बाहेर काढून,
मी बारीक स्क्रू लावताना काढतो तशी.
दाणा नाकाकडे निघाला की
माझा जीव टांगणीला.

सहा पातेली, सहा झाकणं.
सगळ्यात लहान झाकण ती सगळ्यात मोठ्या पातेल्यावर ठेवते.
ते आत पडतं. खण्ण!
मी म्हणतो, "नाही गं, हे बघ, असं."
ती पुन्हा तेच करते. खण्ण!
चूक इतकी खणखणीत वाजत असेल
तर बरोबर करायचं कशाला?
तिसऱ्यांदा मीच टाकलं.

आकडे येतात तिला: एर्ती, ओरी, सामी,
आणि तिथून थेट नऊ.
मधले कुठे गेले ते ती सांगत नाही.

दुपारी फोन. बारी शहर, इटली.
खातुना एका अर्धांगवायू झालेल्या बाईंना सांभाळते.
सिन्योरा इम्माकोलाता, वय शहाऐंशी.
"घेवडाच घे," ती मला बजावते, "वाटाणे नकोत, नाकात जातात."
तुला कसं कळलं, विचारलं
तर कॅमेरा फिरवते:
टेबलावर परात, परातीत दाणे,
आणि थरथरणारी एक गोरी चिमटी.
"काल बाईंनी एक बटण लावलं," ती सांगते.
"इकडे हिनं एक उपटलं," मी सांगतो.
मग दोघंही जरा वेळ गप्प.
दोन्हीकडे दाणे पडल्याचा आवाज.

गॅलरीतून समोरच्या खांबापर्यंत कपड्यांची दोरी,
दोन्ही टोकांना कप्प्या.
तेकलेला कडेवर घेतो, ती ओढते.
मोजा निघाला, अंगणावरून, आठ मजल्यांच्या पोकळीवरून,
कप्पी कुरकुरते,
"गेला," ती म्हणते.
उलटं ओढायचं. "आला!"
गेला. आला. गेला. आला.
माझा हात अवघडतो,
तिचा कंटाळा अजून जन्माला यायचाय.

परवा तिनं ट्रंकेतून खातुनाचा हिरवा स्कार्फ ओढून काढला.
चिमटा लावायला स्वतःच शिकली, दोन्ही हातांनी, दात आवळून.
दोरी ओढली.
स्कार्फ हेलकावत पार खांबापाशी गेला
आणि ती म्हणाली, "देदा."
गेली म्हणाली नाही, आली म्हणाली नाही.
नुसतंच "देदा",
आणि दोरी हातात धरून थांबली.

मला काही शिकवायचं सुचेना.

तेवढ्यात चिमटा सुटला.
स्कार्फ तरंगत तरंगत खाली
नार्गिझाबाईंच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर.
कोंबड्यांचा एकच कल्लोळ,
तेकले खदखदून हसली, मला म्हणाली, "पुन्हा!"

आम्ही खाली गेलो.
येताना नाणं तिनं पहिल्याच फटक्यात घातलं.