सहा नंबर

उतरलो की आधी तेल.
इंजिन गरम आहे तोवरच खालचा नट सोडायचा,
काळं तेल डब्यात धरायचं
आणि डबा उराशी घेऊन झोपडीत पळायचं.
चुलीशेजारची जागा त्याची.
मग ओस्तापची, मग पायलट हालदोरची.
मी दाराशी, कारण मी सोळा वर्षांचा.

ग्रेट स्लेव्ह तळ्यावर त्या हिवाळ्यात उणे चव्वेचाळीस.
पलीकडच्या कंपनीचं इंजिन पाण्यानं थंड होणारं,
नोव्हेंबरातच तडकून पडलेलं.
ओस्ताप त्याच्यासमोर टोपी काढायचा.
"आपल्यात पाणीच नाही रे पोरा,
गोठणार काय, कपाळ?"

पहाटे चारला इंजिनावर कॅनव्हासची खोळ,
खोळीत मी आणि भडकता स्टोव्ह.
खोळ पेटली तर विमान गेलं.
"पोरगा दुसरा मिळेल," ओस्ताप म्हणायचा
आणि बादलीभर बर्फ घेऊन बाहेर तासभर उभा राहायचा.

मग कढत तेल आत, आणि पंखा हातानं फिरव,
खालच्या सिलिंडरांत रात्रीचं तेल साचलेलं असतं.
गळतं? गळू दे.
गळायचं थांबलं की समज, संपलं.

नऊ जण गोल बसलेले.
ठिणगी वाढायची ती एक पान सोडून:
एक, तीन, पाच, सात, नऊ,
मग दुसऱ्या फेरीत दोन, चार, सहा, आठ.
कुणी उपाशी राहत नाही.

फेब्रुवारीत सहा नंबर गेला.
आत टपालाची पोती, दोन कुत्री, एक पत्र्याचं टब
आणि अगाथ सुईण, मांडीवर तिची पिशवी.
काचेवर तेलाचा पडदा. हालदोर बाजूच्या खिडकीतून
मान बाहेर काढून उडवत होता, मिशीला बर्फ.
मी मोजत होतो. दोन, चार, (काही नाही), आठ.
अगाथनं कान दिला आणि म्हणाली,
"एक जण मुका झालाय."
आणि पुन्हा डोळे मिटले.

एक तास दहा मिनिटं. आठांनी.
उतरलो तेव्हा टाकीत दोन बोटं तेल.
अगाथ टब घेऊन चालू लागली, मागे वळली नाही;
तिचं काम अजून व्हायचं होतं.

ओस्तापनं तीन ओंडक्यांची तिवई उभारली,
फक्त सहा नंबर काढला.
बाकीच्यांना हात नाही लावला.
हातमोजे काढून स्क्रू बसवताना
त्याच्या बोटाचं कातडं लोखंडाला चिकटून राहिलं.

पुढे ते इंजिन हिवाळ्यात स्कीवर, उन्हाळ्यात तरंगांवर,
विमान खडकावर फुटलं तेव्हा एका सपाट होडीच्या पाठीवर,
आणि शेवटी हे-रिव्हरच्या लाकडाच्या गिरणीत,
जिथं मीच त्याचा मालक.
देवदार कापायला उडावं लागत नाही,
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तसंच गर्जायचं.

जुलैतही रात्री मी तेल काढून घरात आणायचो.
बायको म्हणायची, बाहेर पंधरा आहे, अधिक पंधरा.
मला माहीत होतं.
डबा चुलीशेजारी ठेवायचो.