दोन बोटं सैल

एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या कमरा मोजल्या मी,
खान-अल-खलीलीच्या मागे, जिन्याखालच्या खोलीत.
तोंडात टाचण्या, गळ्यात फीत.
नाचणारीची कंबर श्वास सोडून मोजायची नाही,
श्वास घेऊ द्यायचा, मग मोजायची,
वर दोन बोटं सैल.
नाचातलं एवढंच कळत होतं मला.

मग पाठ धरली.
डॉक्टर म्हणाला, इन्शिराह, जरा हालचाल ठेवा.
कसली, ते चिठ्ठीवर लिहिलं नाही.

म्हणून मादाम दौलतकडे,
शुब्रात, तिसऱ्या मजल्यावर, दातांच्या दवाखान्याच्या बरोबर वर.
मंगळवारी, मगरिबची अजान झाली की.
पडदे ओढलेले. चपला दाराशी.
खालून ड्रिलचा आवाज यायचा
आणि तेवढा वेळ आम्ही सगळ्याजणी
ओठ घट्ट मिटून कंबर हलवायचो.

मारसेलचं औषधांचं दुकान, उभं राहून राहून घोटे सुजलेले.
रवान वकिली शिकते; आईला सांगितलंय, फ्रेंचचा क्लास आहे.
आणि मी, अठ्ठावन्न वर्षांची,
कमरेला माझ्याच हातच्या झालरीचा रुमाल,
गिऱ्हाइकाने परत केलेला.

"कंबर हलवू नका," मादाम म्हणाल्या.
आम्ही एकमेकींकडे पाहिलं. पैसे तर त्याचेच भरले होते.
"गुडघा. गुडघ्याने जमीन ढकला.
कंबर आपसूक येईल, मांजर येते तशी, न बोलावता."

डुम तक, तक डुम तक.
माझी मांजर आली नाही.
खांदे आले, मान आली, भुवयासुद्धा आल्या.
नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं,
तर तिसऱ्या मजल्यावर अंगण कुठलं?
फरशी मात्र खरंच उतरती आहे:
तुटलेला मणी नेहमी दाराकडे घरंगळतो,
आणि पहिला महिनाभर मीही
दर आवर्तनाला थोडी थोडी
दाराकडेच सरकत होते.

पाचव्या मंगळवारी वीज गेली.
ड्रिल थांबलं. टेप थांबली.
मादामनी तुपाच्या रिकाम्या डब्यावर ताल धरला.
आरसा दिसेना, त्यातली ती बाईही.
जमीन ढकलली,
आणि उजवीकडे काहीतरी उचललं गेलं,
पडलं,
आणि पडून झाल्यावर
झालर वाजली.

नंतर.
पुन्हा केलं. पुन्हा नंतरच.
कंबर थांबली हे मण्यांना अजून कळलेलं नसतं,
आणि तेवढ्याच न कळलेल्या वेळात
सगळा नाच असतो, असं मला वाटलं,
काळोखात, घाम पुसत.
विचारायचं राहिलं, कारण वीज आली
आणि खाली कुणीतरी "आई गं" म्हणून ओरडलं.

एकतीस वर्षं मी झालर टाचली थेट हाडावर,
दुकानातल्या पुतळ्याला शोभते तिथे.
पुतळा कधी थांबत नाही.
तो निघालेलाच नसतो.

सकाळी हिरवा पोशाख तयार होता,
गुरुवारच्या लग्नासाठी, इस्त्री होऊन, कागदात.
कागद सोडला. कात्री घेतली.
दुकानातला पोरगा म्हणाला, खाला, हे झालंय ना?
मी म्हटलं, झालं होतं.
एक एक टाका उसवला,
झालर बोटभर खाली घेतली, मागे अर्धं बोट.
"कुणाला कळणार आहे?" तो म्हणाला.
त्याला चहा आणायला पाठवलं.

कडी लावली.
पाठीवर हात ठेवून उठले; दुखते, अजून दुखतेच.
हिरवा पट्टा स्वतःला बांधून पाहिला.
पुरला नाही. चांगली चार बोटं कमी.
टाचणीने जोडला.

गुडघा.

थांबले,
आणि कान देऊन उभी राहिले.