झाळ न लावता

सराफ बाजारातून गंगेकडे उतरणाऱ्या बोळात आमचं दुकान.
फलकावर अजून आजोबांचं नाव, दंडगव्हाळ,
खाली: चांदीची भांडी वजनावर मिळतील.

दिंडोरीकडच्या द्राक्षमळ्याचे मालक
थर्माकोलच्या खोक्यात शिंपला घेऊन आले.
नॉटिलस म्हणतात याला, म्हणाले.
सोबत फोटो, कुठल्याशा परदेशी कपाटातला:
असाच शिंपला, चांदीच्या पायावर उभा,
सोन्याचा मुलामा, काठावर जबडा वासलेला मासा.
चारशे वर्षांपूर्वी तिकडचे सरदार यातून दारू प्यायचे.
"असा एक करा. वायनरीत ठेवायचाय."

अण्णांनी फोटो उलटा करून पाहिला,
जणू मागे घडणावळ लिहिली असेल.

शंखांना चांदीची कड आम्ही शेकड्यांनी बसवली,
पण हा कागदासारखा.
आत मोत्याची साय,
आणि तळाशी खोल्या, एकीला लागून एक लहान,
जीव वाढत गेला तशा मागच्या बंद करत गेलेला.

"याला झाळ चालत नाही," अण्णा म्हणाले.
"आच लागली की मेला.
चांदी वेगळी घडवायची, गार होऊ द्यायची,
मग चार पट्ट्यांत नुसतं धरायचं.
आवळलं तर तडकेल. सैल सोडलं तर निसटेल."

आणि मुलामा?
ते गप्प.
पारा नि सोनं खलात घोटायचं, भट्टीवर पारा उडवायचा,
ही विद्या आमच्या घरची.
वीस वर्षं त्यांनी तो धूर घेतला
खिडकी लावून, कारण वाऱ्याने आच फिरते.
आता बँकेत त्यांची सही जुळत नाही.

फोटोत खालच्या पाटीवर मालकाचं नाव आहे,
वर्ष आहे, वजनसुद्धा.
ज्याने तो झळकवला
त्याला म्हातारपणी पाणी कोणी पाजलं, ते नाही.

पट्ट्या मी कापल्या.
मुलामा दहीपुलाजवळ बॅटरीवर करून आणला.
"हळद लावलीय," अण्णा म्हणाले.
शिंपला बसवताना कोणी बोललं नाही,
रिठ्याचं पाणी हातावरच वाळलं.
बसला.

चारला चहा आला.
अण्णांचा पेला मी धरते, रोजच्यासारखा,
त्यांच्या हातांवरून,
अंगठा अलीकडे, तीन बोटं पलीकडे.
आवळत नाही.

"साखर कमी आहे," ते म्हणतात.