सात पायांची कुर्ली

आवृत्ती शून्य पूर्णांक चार.
आधीच्या तीन फक्त इनासने पाहिल्या.
चौथी आम्ही सगळ्यांनी, रायबंदरला, घनश्याम नार्वेकरांच्या कॅफेत,
मशीन तीनवर. मशीन एकचा स्पेसबार अडकायचा
आणि दोनवर नार्वेकरांचा मेहुणा पत्ते लावत बसायचा.

खेळात करण्यासारखं एकच होतं:
मानस उघडायची, मानस लावायची.
खाजनाचे सोळा चौकोन आडवे, सोळा उभे,
पलीकडे नदी, मधे बांध.
विसरलात तर खारं पाणी भातात,
आणि भात पिवळं पडायचं एका फटक्यात,
कारण मधल्या छटा मी काढल्याच नव्हत्या.

हो, चित्रं माझी.
चिखल, बगळा, मानशीच्या फळ्या,
एक कुर्ली, जिला आठवा पाय बसेना.
राहू दे, इनास म्हणाला, चालताना कोण मोजतंय.
आकाशाला एकच निळा ठेवला.
दुसरा घातला की पान उघडायला चार मिनिटं जास्त,
आणि तासाचे वीस रुपये.

शेत जतन करायची सोय नव्हती.
खिडकी मिटली की बांध, भात, बगळा, सगळं गेलं.
खाली आकडा असायचा: भेटी तीनशे बारा.
त्यातल्या तीनशे आमच्याच.

एका रात्री इनासची शेवटची फेरी चुकली.
पास्कोल, त्याचा बाप, कुणाची तरी होडी मागून
दिवाडीहून स्वतः आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.
शिव्या तोंडात तयार होत्या.
पडद्यावर मानस बघून त्या तिथेच राहिल्या.
चाळीस वर्षं तो हेच करत होता, माऊसशिवाय.
वाकून बघितलं. सहाला भरती, बाराला ओहोटी,
परत सहाला, परत बाराला.
‘भरती घड्याळ पळयना रे,’ तो म्हणाला,
‘चंद्राक पळयता.’
काल होती त्याहून दोन घटका उशिरा आज,
आजच्याहून दोन घटका उशिरा उद्या.
मग नार्वेकरांकडे पाणी मागून प्याला
आणि मुलाला घेऊन गेला.

आवृत्ती शून्य पूर्णांक पाच:
एक ओळ बदलली.

महिन्याभराने नॉर्वेहून कुणाची तरी मेल आली.
तुमची भरती रोज उशिरा येते, बग आहे.
इनासने उत्तर लिहिलं,
स्पेलिंग मला तपासायला लावलं:
बग नाही, बाप आहे.
इंग्रजीत ते तितकंसं जमलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते.
पुण्याच्या कंपनीने खेळ घेतला. इनासला स्कूटर झाली.
मानशीचं बटण झालं, भाताची नाणी झाली,
गाई आल्या, गाईंना गुलाबी फिती आल्या,
भरती दर तीन मिनिटांनी, जाहिरातीनंतर.
पास्कोल तोपर्यंत गेला होता. बरं झालं म्हणवत नाही.
जुनं पान उघडलं तर आता करडा चौकोन दिसतो,
हे प्लगिन चालत नाही, असं सभ्यपणे सांगणारा.
इनास लिस्बनला आहे, गोदामात, रात्रपाळीला.
नाताळला फोन करतो, खेळाचं काढत नाही.

नार्वेकरांच्या मुलाने दुकान आवरलं,
तेव्हा मी बिलांची वही मागून घेतली.
मशीन ३, ७.१० ते ९.४०, इनास, बाकी.
मशीन ३, ६.०० ते ९.५५, इनास, बाकी.
पानंच्या पानं, बाकी.
शेवटी तिरक्या रेघेखाली: सोडले.
आवृत्त्यांचा इतिहास म्हणून एवढंच कागदावर आहे.

परवा बसमध्ये शेजारच्या मुलीच्या फोनवर
तोच खेळ, नवा. पाणी चकचकीत,
आकाशाला चाळीस निळे.
मी चोरून बघत होते.
बांधावरून कुर्ली आली,
तिला आता सावली आहे, डोळे हलतात,
नांगीवर ऊन पडतं.
पाय मोजले मी. परत मोजले.
मुलीने फोन जरा पलीकडे वळवला.
सात.