डावा कोपरा

डोमाजीच्या ठेल्यावर दिवा लागला
की सातजणांचा संघ निवडायला बसतात.
अकरा वर्षं निवडतायत.
सामना कुठलाच नाही. मैदानही नाही,
ते खाणीनं घेतलं, वर माती ओतत गेले,
मध्यरेषा आता साठ फूट खाली आहे
आणि ढिगावर बाभळी उगवल्या आहेत.
पण गावाच्या कबड्डीत सगळ्यांत मोठा कोण, हे ठरायचं राहिलंय.
तेही जागेवार. नुसतं "भारी होता" इथं चालत नाही.

चढाईला लटारी जुनघरे. यावर वाद नाही.
एका दमात तिघांना शिवून
मध्यरेषेवर उगाच थांबणारा,
पंचाच्या शिट्टीला वाट पाहायला लावणारा लटारी.
तो इथंच बाकावर असतो,
खाणीच्या गेटवरची रात्रपाळी लागेपर्यंत,
टोपी मांडीवर.
स्वतःचं नाव निघालं की
रस्त्यावरचे ट्रक मोजतो.

कव्हरला निखाडे आणि त्याचा साळा.
धुऱ्यावरून नऊ वर्षं अबोला,
आणि नऊ वर्षं हातात हात. साखळी कधी तुटली नाही.
शिट्टी वाजली की दोघंही
हात चड्डीला पुसायचे.
"याइले एकच जागा द्या,
दोघं मिळून एकच मानूस होते."

उजव्या कोपऱ्यावर भांडण.
"वसंता ठेंगणेची सूर पकड पाह्यली का तू?"
"पाह्यली. पन गुडघा गेल्यावर?"
"गुडघा गेल्यावर तुवा बाप तरी खेळला का बे?"
मग आबारावचं नाव. मग आबारावच्या भावाचं.
मग तेरा वर्षांपूर्वीच्या मारेगावच्या फायनलचा तो पंच,
ज्याला अजून कोणी माफ केलेलं नाही.

अंकुश, वय एकोणीस, मोबाईलमधून मान वर काढतो :
"मॅटवर उतरवा या साऱ्याइले, बुटं घालून.
पयल्याच चढाईत घसरतीन."
डोमाजीचा हात पन्नीवर थांबतो. खर्रा अर्धाच घोटलेला.
कोणी उत्तर देत नाही.
अंकुश पुन्हा मोबाईलमध्ये.

मी गुणलेखक होतो. वही अजून माझ्याजवळ आहे,
लोण, बोनस, तारखा, सगळं निळ्या शाईत.
"तुया वहीत पॉइंट हायेत, मास्तर. दम नाई."
खरं आहे. कोणी किती बाद केले ते आहे,
कसा धरला ते नाही.

डाव्या कोपऱ्यावर मात्र झटकन एकमत :
झिबल मडावी. जिनिंगमध्ये एक बोट गेलेला.
त्याच्या चार बोटांतून घोटा सोडवलेला माणूस
पंचक्रोशीत दाखवा, खर्रा माझ्याकडून.

तेवढ्यात अंगणवाडीची कांता गेडाम
सायकल लावून रिचार्ज मारायला येते.
कोणीतरी गमतीत विचारतं,
"काऊन वो बाई, तू बी खेळे ना शाळंत? उजव्या कोपऱ्यावर?"
ती सुटे पैसे मोजून घेते,
एक रुपया कमी, तो मागून घेते.
"डाव्या," म्हणते. आणि जाते.

मला शाळेची मागची बाजू आठवते.
पोरींच्या सरावाला चढाईसाठी कोणी नव्हतं,
म्हणून लटारीला उसना दिला होता.
तो हसत हसत आत शिरला, दम घुमवत,
आणि एक हात आला, खालून,
जसा विहिरीतला पोहरा अडकतो तसा.
लटारी आडवा. मध्यरेषेपासून वीतभर अलीकडे.
उठून म्हणाला, शेण होतं, पाय सरकला.
शेण नव्हतं. मी तिथंच पेन्सिल घेऊन उभा होतो.
पण सरावाचे गुण लिहीत नाहीत.

"डाव्यावर तं झिबल हाय," कोणीतरी म्हणतं.
"हाय ना," दुसरा म्हणतो, जरा उशिरानं.
डोमाजी पन्नी घोटायला लागतो.
कोळशाचे दोन ट्रक जातात, मागून तिसरा.
लटारी एकही मोजत नाही.
त्यानं उजवा पाय
हळूच बाकाखाली ओढून घेतलाय.