वजा करण्याआधी

महाप्याच्या चौथ्या मजल्यावर, एसीत,
मी दिवसभर समुद्र ऐकते.
कुठला समुद्र ते सांगायचं नाही, तशी सही करून दिलीये.
पवनचक्क्या उभ्या राहायच्या आहेत तिथं, किनाऱ्यापासून लांब,
एवढं सांगितलं तर चालत असावं.

पाण्याखाली सोडलेल्या माईकनं
अठ्ठेचाळीस दिवस जे टिपलं
ते माझ्या पडद्यावर पिवळं-जांभळं पसरतं.
डॉल्फिनच्या शिट्ट्या मी वेगळ्या काढते,
बोटींची घरघर वेगळी,
आणि तळाशी, रोज दिवेलागणीला, एक थरथरता पट्टा,
त्याला आमच्याकडं म्हणतात पार्श्वगोंगाट.
तो वजा करायचा.

दिवाळे कोळीवाड्यात मी जोमाकाकांच्या माडीवर राहते.
भाड्याच्या नोटा ते मोजत नाहीत,
पण माझ्या नोकरीला हसतात:
"आयकायचा पगार? मंग माजी बाकी किती निंगंल?"
तरुणपणी ते होडी थांबवून
वल्हं पाण्यात उभं धरायचे,
दुसरं टोक कानाला.
खाली मासळी आहे की नाही ते लाकूड सांगायचं.

परवा, सही आठवत असताना,
मी त्यांना हेडफोन लावले.
वजा करण्याआधीची फाईल.
ओटा, पायाशी मांजर, समोर ओहोटीचा चिखल.
त्यांनी डोळे मिटले. मूठ आपोआप वळली, वल्ह्याएवढी.
"घोल," म्हणाले. "नर हाय. मादीला बोलावतंय.
आन् तो खरखरतंय तो ढोमा."
मग बऱ्याच वेळानं:
"आजून हाईत म्हनायच्या."

दुसरी फाईल मी लावायला नको होती.
चाचणीचा खांब ठोकला, त्या दिवसाची.
ठण्.
दीड सेकंद.
ठण्.
त्यांनी हेडफोन ओढून काढले. मांजर पळालं.
"किती वेल कुटतान?"
चार तास, म्हटलं. एका खांबाला.
खांब किती, ते त्यांनी विचारलं नाही.

मीच बोलत सुटले,
की भोवती बुडबुड्यांचा पडदा सोडतात, आवाज अडतो,
की आधी हळू ठोकतात, जनावरांना निघून जाता यावं म्हणून,
की कोळशाच्या धुरापेक्षा वारा बरा,
की पुढं खांबांना शिणाणे धरतील, त्यांच्यामागं मासे,
ट्रॉलर तिथं फिरकणार नाहीत.
खोटं त्यात काहीच नाही. अहवालात तेच असतं.

काकांनी उरणच्या गाडीच्या पुलाकडं हनुवटी केली.
"त्याच्या खांबांना बी कालवा धरलीन. चिकार.
मी नाय कंदी म्हंतलं?
पन पोरी, जाते ती निराली, नि येते ती निराली."
आणि जाळ्यातली गाठ सोडवत बसले.

आज सोमवार.
सॉफ्टवेअर विचारतंय: पार्श्वगोंगाट वजा करू?
शेऱ्याच्या रकान्यात चाळीस अक्षरं मावतात.
मी लिहिलं: घोळ.
फणसेकर सर खुर्चीमागून वाकून वाचतायत.
"कसला घोळ झालाय?"